उन्हाळ्यात सोडलेला मासा बऱ्याचदा जगत नाही, पट्टेरी बास पकडायला थंडीतच जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एक लेख आला होता, अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांनी घरात बसून न राहता काय काय करावं यावर. लेख मनापासून लिहिलेला होता, आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. पण त्यात एक सल्ला होता, की जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या तलावावर गाइड घेऊन मासे पकडायला जा, मासा पकडून लगेच परत सोडून देतात त्यामुळे कुणाचा जीव जात नाही, शाकाहारी माणसांनीही निर्धास्त जावं. हे वाचल्यापासून मला चैन नाही, कारण हे जसंच्या तसं मीही एकदा मानलं होतं आणि त्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण छापता आलं तर बरं होईल.

मी मूळचा मालवणचा, गेली चौदा वर्षं टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को गावात राहतो. आमच्या इथून साधारण तासाभरावर लेक टेक्सोमा आहे, हायवे ७५ धरला की शर्मन, डेनिसन आणि मग तलावच. रेड नदीवर डेनिसनचं धरण १९४४ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या मागे हे पाणी साठलं, जवळजवळ ८९,००० एकर, काही टेक्सासात काही ओक्लाहोमात, म्हणून दोन्ही नावं जोडून टेक्सोमा. हॅगरमन नावाचं एक गाव ह्या पाण्याखाली गेलं आणि आता त्याच नावाचं पक्षी अभयारण्य तिथं आहे, हिवाळ्यात तिथं पांढरी हिमहंस बदकं हजारोंनी उतरतात. प्लेनो, फ्रिस्को, मॅकिनी ह्या भागात आपली एवढी मराठी कुटुंबं राहतात पण आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यातला काही वाटा ह्याच तलावातून येतो हे फार कमी जणांना माहीत असतं. २००९ मध्ये तलावात झेब्रा शिंपल्या, म्हणजे पाइपांना चिकटून भराभर पसरणाऱ्या परक्या शिंपल्या, सापडल्या तेव्हा आमच्याकडे येणारं ते पाणी काही वर्षं बंदच होतं, नंतर थेट शुद्धीकरण केंद्रापर्यंत नवी पाइपलाइन टाकली आणि २०१४ मध्ये ते परत सुरू झालं.

आता मासा. स्ट्राइप्ड बास, इथले लोक नुसतं स्ट्रायपर म्हणतात, मी पट्टेरी बास म्हणतो. रुपेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सरळ काळ्या रेघा, वहीवर पट्टीनं मारल्यासारख्या. हा खरं म्हणजे समुद्रातला मासा, अटलांटिकच्या किनाऱ्याचा, वसंतात अंडी घालायला नदीत वर चढतो आणि परत समुद्रात जातो. न्यू जर्सी आणि मेरीलँडकडच्या वाचकांना तो माहीत असेल, मेरीलँडमध्ये त्याला रॉकफिश म्हणतात आणि तो इतका कमी झाला होता की १९८५ ते १९९० तिथं त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी होती. समुद्राचा मासा गोड्या तलावात कसा आला याची गोष्ट साउथ कॅरोलिनात सुरू होते, तिथं १९४१ च्या सुमारास सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली तेव्हा काही मासे वरच्या बाजूला अडकले आणि लोकांना वाटलं होतं हे संपणार, तर ते तिथंच जगले, वाढले, पिल्लंही झाली. मग बाकीच्या राज्यांनी आपापल्या धरणांत सोडायला सुरुवात केली आणि ओक्लाहोमानं १९६५ पासून टेक्सोमात सोडले.

बहुतेक तलावांत हा मासा जगतो पण त्याची प्रजा वाढत नाही, सरकारला दरवर्षी पिल्लं आणून सोडावी लागतात, अटलांटाजवळच्या लेक लेनियरला तसंच आहे. कारण त्याची अंडी तळाला बसली तर मरतात, दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात तेव्हा कुठे पिल्लू बाहेर येतं, आणि त्यासाठी तलावाच्या वर लांबलचक मोकळी नदी पाहिजे. टेक्सोमाला वरून रेड नदी आणि वॉशिटा नदी अशा दोन येतात म्हणून इथं तो आपला आपण वाढतो, अख्ख्या देशात असे तलाव थोडेच आहेत. मला वाटतं ही गोष्ट आधी समजली पाहिजे, म्हणजे मग हा मासा नुसता पर्यटकांच्या करमणुकीसाठी टाकीत ठेवलेला नाही हे लक्षात येतं.

आता ऑगस्टची गोष्ट सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक गाइड केला होता, नाव लिहीत नाही, माणूस बोलायला गोड होता. जिवंत शॅड, म्हणजे बास ज्यावर जगतो तो लहान मासा, गळाला लावून खाली सोडायचा आणि वर ओढायचा, एका तासात आमचे सगळ्यांचे कायद्यानं ठरलेले मासे झाले. मुलं ओरडत होती, अजून अजून करत होती, तर तो म्हणाला चला आता पकडून सोडू या, मजा करू द्या पोरांना. आणि आम्ही दीड तास तेच केलं. मासा वर यायचा, फोटो, परत पाण्यात. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं गरम होतं, हात घातला की कळत होतं. निघताना बोट वळली तेव्हा माझी मुलगी मागे बसली होती, तिनं बोट दाखवलं, मागच्या पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती, तिनं मोजली, अकरा. गाइड म्हणाला ते सावरतील थोड्या वेळानं. ते सावरणार नव्हते. त्यातला एक कल्ले हलवत गोल गोल फिरत होता आणि त्याला खाली जाता येत नव्हतं, ते मला अजून दिसतं.

त्या दिवसानंतर मी ह्यावर वाचायला लागलो, लोकांना विचारायला लागलो. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात खोल तलावाचे थर होतात, वरचं पाणी ऑगस्टमध्ये ३० अंशांच्या आसपास तापतं, आणि तळाचं पाणी गार असतं पण त्यात ऑक्सिजन उरत नाही. पट्टेरी बास, त्यातही मोठा, हा गार पाण्याचा मासा, त्याला वर जाववत नाही आणि तळाला श्वास मिळत नाही, मग तो मधल्या एका पातळ पट्ट्यात कसाबसा दिवस काढत असतो. अशा माशाला तुम्ही गळाला लावता, तो जीव खाऊन झुंजतो कारण त्याचा स्वभावच तो आहे, दमून जातो आणि दमलेल्या अवस्थेत तुम्ही त्याला त्याच्यासाठी सगळ्यात वाईट पाण्यातून वर आणता, हातात धरता, फोटो काढता, आणि मग सोडता. पोहून खाली गेलेला दिसला तरी तो जगेलच असं नाही, काही तासांनी मरतो आणि तेव्हा तुम्ही घरी असता. टेक्सासच्या मत्स्यखात्याच्या लोकांनी खुद्द टेक्सोमावरच गळाला लागून सोडलेल्या माशांचं काय होतं ते तपासलेलं आहे आणि पाणी जितकं गरम तितके मासे जास्त मरतात हेच त्यांनाही दिसलं. म्हणजे लेखात जे पुण्यकर्म म्हणून सांगितलंय ते उन्हाळ्यात नेमकं उलटं आहे, दहा पकडून दहा घरी नेणारा माणूस निदान दहावर थांबतो, सोडणारा तीस मारून रिकाम्या हातानं आणि हलक्या मनानं घरी येतो.

मग जायचं कधी, तर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. हे मला आमच्या आत्ताच्या गाइडनं शिकवलं आणि खरं सांगायचं तर बाबांनी.

बाबा गेल्या जानेवारीत आले होते. वय त्र्याहत्तर, सगळं आयुष्य मालवणात, नोकरी शाळेत होती पण सकाळ-संध्याकाळ गरी घेऊन खडकावर. इथं आल्यावर थंडीमुळे घरात, टीव्ही आणि खिडकी, खिडकी आणि टीव्ही. आई गेल्यापासून तसेही कमी बोलतात. मी म्हटलं चला गरवायला, तर म्हणाले ह्या थंडीत मासा कुठला. पहाटे पाचला निघालो, तलावावर पोचलो तेव्हा आपल्या मापात ३ अंश होतं, त्यात बोट पळायला लागली की वारा डोळ्यांतून पाणी काढतो. बाबांच्या अंगावर माझे दोन स्वेटर, वरून जॅकेट, त्यावर गाइडनं दिलेली वॉटरप्रूफ डांगरी आणि वर लाइफ जॅकेट, फक्त नाक आणि डोळे दिसत होते.

गाइड सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनकडे बघत बोट हळू चालवत होता. थंडीत शॅडचे थवे खोल पाण्यात गोळा होतात, जुन्या नदीच्या पात्राच्या कडेला, आणि पट्टेरी बास त्यांच्या खाली टपून असतो. तो स्क्रीनवर शोधत होता आणि बाबा स्क्रीनकडे न बघता आभाळाकडे बघत होते. अचानक म्हणाले, "थंय बघ रे, कुरव पडतत. मासो थंयच आसतलो." लांब, अर्धा मैल असेल, वीस-पंचवीस कुरव म्हणजे सीगल एका जागी घिरट्या घालत होते आणि मध्येच एखादा पाण्यात सूर मारत होता. मी गाइडला सांगितलं बाबा असं असं म्हणतायत. त्यानं मान वर करून बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि काही न बोलता बोट तिकडे वळवली. हिवाळ्यात इथले जुने गाइड हेच करतात हे मला नंतर कळलं, खाली बास शॅडला वर हाकलतो आणि वरून कुरव त्यांना टिपतात, त्यामुळे पक्षी म्हणजे सोनारच. फार गारठा पडला आणि पाणी ६-७ अंशांच्या खाली गेलं की बारीक थ्रेडफिन शॅड बधिर होऊन आपोआप वर येतात, मरतातही, तेव्हा तर कुरवांची जत्राच असते. बाबांनी पाण्यावरचा एक मेलेला शॅड उचलून तळहातावर घेतला, खवलं बोटानं सरकवून बघितली आणि म्हणाले, "हे तारल्यांसारे दिसतत." आणि खरंच ते तारलीच्याच गोतावळ्यातले आहेत.

हिवाळ्यात जिवंत आमिष लागत नाही, लुअर वापरतात, म्हणजे खोटा मासा. ह्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण बाबांना आधी हे पटतच नव्हतं, रबराला कुठला मासा फसतो म्हणून. साधारण चार-पाच इंचाचा मऊ रबरी मासा असतो, पांढरा किंवा पोपटी, शेपूट पंख्यासारखी चपटी. तो शिशाच्या एका गोल डोक्याच्या गळावर ओवायचा, ते डोकं एक औंसाचं म्हणजे २८ ग्रॅमचं, गळाचं टोक रबराच्या पाठीतून बाहेर काढायचं आणि रबर सरळ बसलं पाहिजे, जरा वाकडं ओवलं तर पाण्यात गोल फिरतं आणि मासा ढुंकून बघत नाही. गाइडनं बाबांना एकदा दाखवलं, बाबांनी त्याचा ओवलेला काढून परत स्वतः ओवला आणि त्याच्याहून सरळ ओवला. मग बोटीच्या कडेनं सरळ खाली सोडायचं, तळाला टेकलं की दोरा सैल पडतो ते बोटाला कळतं, तिथून रिळाचे दोन-तीन वळसे वर घ्यायचे आणि थांबायचं.

हे थांबणं सगळ्यात अवघड. आमच्यासारख्या नवख्या लोकांना वाटतं सारखं हलवत राहिलं पाहिजे. पण ८ अंशांच्या पाण्यात मासा सुस्त असतो, तो तुमच्या मागे पळत येणार नाही, त्याच्या नाकासमोर वस्तू स्थिर पाहिजे, बोटीच्या डुलण्यानं जेवढी हलेल तेवढी पुरे. हाताला हातमोजा घालता येत नाही कारण मग चावा कळत नाही. चावा म्हणजे उन्हाळ्यासारखा हिसका नाहीच, दोऱ्यावर कुणीतरी टिचकी मारल्यासारखं टक, किंवा तेही नाही, नुसतं वजन हलकं झाल्यासारखं वाटतं कारण माशानं खालून वर उचललेलं असतं. मी दोन वेळा हुकवला. बाबा आयुष्यभर गरी बोटावर धरून बसलेले, त्यांनी दोरा तर्जनीवर घेतला, डोळे मिटले, आणि पहिलाच मासा त्यांचा. रॉड पाण्यापर्यंत वाकला, रिळाचा आवाज करत दोरा बाहेर जायला लागला, गाइड मदतीला पुढे झाला तर बाबांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं. सहा-सात मिनिटं लागली असतील. २६ इंच भरला, साडेसात पौंड. गळ ओठाच्या कडेला, दुसरीकडे कुठे इजा नाही, हा लुअरचा फायदा, एकच गळ आणि तो बहुतेक वेळा ओठातच लागतो, जिवंत आमिष मासा गिळतो आणि गळ पोटात जातो. बाबा त्याच्या अंगावरच्या रेघांवरून बोट फिरवत बसले होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून आईचं नाव काढलं, की तिला अशा माशाची आमटी करायला दिली असती तर.

आता सोडायचं की ठेवायचं. थंडीत सोडलेला मासा जगण्याची शक्यता खूप जास्त, पाणी गार, ऑक्सिजन भरपूर, तो लवकर सावरतो. पण इथंही डोळे मिटून सोडत बसायचं नाही. हिवाळ्यात मासा ४०-५० फूट खोल असतो आणि तेवढ्यातून भराभर वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, मग त्याला परत खाली जाता येत नाही. आमच्या गाइडचा नियम असा, की उथळ पाण्यात लांब फेकून पकडतोय तोवर हवं तर सोडा, खोलातून काढलेला कायद्यात बसत असेल तर ठेवा, आणि खाण्यापुरते झाले की गळ वर घ्या, परत खाली टाकायचा नाही. टेक्सोमावर माणशी रोज दहा ठेवता येतात, संकरित बास (पट्टेरी आणि पांढऱ्या बासचा संकर) धरून, आणि त्यातले २० इंच किंवा त्याहून मोठे फक्त दोन. एकदा पेटीत टाकलेला मासा नंतर मोठा मिळाला म्हणून बदलताही येत नाही. दहा ही वरची मर्यादा आहे, पण आपल्या लोकांत मी बघतो की ते उद्दिष्ट होऊन बसतं, पैसे भरलेत ना मग दहा झालेच पाहिजेत, चार जण असले की चाळीस, आणि मग ते फ्रीझरमध्ये मेपर्यंत पडून शेवटी कचऱ्यात. मला ह्याचा मनापासून राग येतो. त्या दिवशी आमचे मिळून सात झाल्यावर बाबाच म्हणाले, "पुरे झाले रे. आपणाक खावक किती लागतले?" तेव्हा साडेनऊ वाजले होते, वेळ दुपारपर्यंतची होती. उरलेला वेळ आम्ही गाइडकडून तलाव बघितला, त्यानं थर्मासमधली कॉफी दिली, पाण्याखाली गेलेल्या जुन्या रस्त्याची जागा सोनारवर दाखवली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष आयझेनहॉवर डेनिसनमध्येच जन्मले हे बाबांना माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

किनाऱ्यावर गाइड मासे साफ करून देतो, सराईत हात, एका माशाला मिनिटभर. दोन्ही बाजूंचे तुकडे काढतो, कातडी सोलतो आणि मध्ये जी लालसर पट्टी असते ती कापून टाकतो, ती ठेवली तर उग्र वास येतो, हे घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. मग तो डोकी बादलीत टाकायला लागला तर बाबा पुढे झाले, "डोकी टाकतत? अरे, माशाची चव डोक्यातच आसता." मी भाषांतर करून सांगितलं, त्यानं सातही डोकी कल्ले काढून, धुऊन वेगळ्या पिशवीत दिली. घरी आल्यावर बाबांनी गोड्या पाण्याचा वास जावा म्हणून हळद, मीठ आणि आगळ लावून अर्धा तास ठेवलं, तुकडे तांदळाच्या पिठात घोळवून तळले आणि डोक्यांची तिरफळं घालून आमटी केली, तिरफळं ते मालवणहून येताना रुमालात बांधून घेऊन आले होते. माशाला समुद्राची चव नाही हे खरं, पण मांस घट्ट, पांढरं, काटा कमी, नातवंडांनीही खाल्लं.

ज्यांना आईवडिलांना घेऊन जायचंय त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी अनुभवातून. वारा हा थंडीपेक्षा वाईट, उत्तरेकडून वारा सुटला की एवढ्या मोठ्या पाण्यावर लाटा उठतात, गाइडनं आदल्या रात्री फोन करून रद्द केलं तर त्याच्याशी वाद घालू नका, तो चांगला गाइड आहे असं समजा. लाइफ जॅकेट बोट थांबल्यावरही काढू देऊ नका, ८ अंशांच्या पाण्यात पडलं तर हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, पोहता येतं की नाही हा प्रश्नच उरत नाही, आणि म्हातारी माणसं अवघडतं म्हणून नेमकं तेच काढतात. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला विचारूनच. गाइड ठरवताना राज्याचं लायसन्स आहे ना ते विचारा, आणि एक प्रश्न जरूर विचारा, की मर्यादा पूर्ण झाल्यावर तुम्ही काय करता. थांबतो म्हणाला तर पैसे भरा. तुम्ही पुढे पकडून सोडत राहा म्हणाला आणि महिना ऑगस्ट असेल तर दुसरा शोधा. मीही त्या वेळी हा प्रश्न विचारायला हवा होता.

शाकाहारी मंडळींबद्दल लेखात जे म्हटलंय त्यावर एवढंच, की गळ लागलेल्या माशाला त्रास होतोच, थंडीतही होतो, सोडला तरी होतो. माझी बायको शाकाहारी आहे, ती जानेवारीत आमच्याबरोबर आली, रॉडला हात लावला नाही, हॅगरमनला जाऊन हंस बघितले आणि बोटीवर बाबांच्या शेजारी बसून कुरव मोजले, आणि तिला तो दिवस आमच्याइतकाच आवडला. जीव जात नाही असं सांगून कुणाला नेऊ नका, काय होतं ते खरं सांगा आणि मग त्यांना ठरवू द्या.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत तो जुलै-ऑगस्टचा सल्ला दुरुस्त करावा, कारण आपला पेपर इथं घरोघरी मोबाइलवर वाचला जातो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत लोक आत्तापासून करतायत. बाबा परवाच फोनवर विचारत होते कुरव आले का. आले आहेत, गाइडनं फोटो पाठवला. आमचं जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारचं ठरलंय, बाबा ख्रिसमसच्या आधी पोचतील. आणि ह्या हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, टेक्सोमाचं जे वेगळं लायसन्स मिळतं, दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालणारं, ते कधीही काढलं तरी ३१ डिसेंबरला संपतं, त्यामुळे जानेवारीत जायचं असेल तर डिसेंबरात काढू नका, एक तारखेनंतरच काढा.

आपला,
एक वाचक, फ्रिस्को, टेक्सास